पान उलटावे

सुधारणा समितीचं परिपत्रक शिपायांपर्यंतसुद्धा आलं:
‘न्यायदान गतिमान करण्याबाबत
आपले अभिप्राय खालील चौकटीत लिहावेत.’
चौकट चार ओळींची.
माझं अक्षर मोठं, म्हणून पाठीमागे लिहितो.

मी सोनू कासले, शिपाई, खंडपीठ क्रमांक दोन,
बॅलार्ड इस्टेट, चौथा मजला.
लिफ्ट तिसऱ्यापर्यंत.
बावीस वर्षं मी नावं पुकारतो.
तीनदा.
तिसऱ्यानंतर माणूस गैरहजर होतो,
जिन्यात धापा टाकत असला तरी.

वरची खुर्ची अडीच वर्षं रिकामी होती.
मी ती रोज पुसायचो,
धूळ काही नेमणुकीसाठी थांबत नाही.
फळ्यावर लिहायचो, ‘सदस्य नाहीत, पुढील तारीख’.
मग खडू वाचवायला नुसतं ‘पु. ता.’
काहीजण त्यालाही नमस्कार करून खाली उतरायचे.

अनसूया हिराजी मोकल.
वरळीच्या डेअरीत बाटल्या धुवायच्या.
काचेच्या बाटल्या गेल्या, पिशव्या आल्या,
बाईंच्या हातांना सोड्याचा वास तेवढा राहिला
आणि रोजंदारीची नऊ वर्षं,
ती पेन्शनीत धरायची की नाही, एवढाच वाद.
नऊ वर्षं धरायची का, हे ठरवायला
बारा वर्षं.
ही बारा कोण धरणार,
हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी विचारतोय.

मधे कुणी सांगितलं म्हणून लोकायुक्तांकडे गेल्या.
उत्तर आलं, स्वच्छ टाइप केलेलं:
प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने हस्तक्षेप करता येत नाही.
ते पत्र त्या रेशनकार्डात घडी घालून ठेवत.
म्हणत, बघा भाऊ,
यांनी निदान उत्तर तरी दिलं.

आता माझी गोष्ट, जी कुठल्या रोजनाम्यात नाही.
यादी इंग्रजीत यायची. मी जसं छापलंय तसं पुकारलं,
‘ए. एच. मोकल!’
बाई बाकावर, माझ्यापासून चार पावलांवर,
पदर सावरून माझ्याकडेच बघत होत्या.
‘ए. एच. मोकल!’
त्यांना आयुष्यात कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती.
‘ए. एच. मोकल!’
अर्ज गैरहजेरीमुळे फेटाळला.
पाच वाजता मला विचारलं, भाऊ, माझा नंबर कधी?

तो अर्ज परत उभा राहायला चौदा महिने लागले.
त्या चौदा महिन्यांवर सही माझ्या आवाजाची आहे.

मग तळपदे मॅडम आल्या.
पहिल्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधी
बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसून पाहिलं.
उठताना म्हणाल्या, कासले, हा बाक बुटका आहे,
उठायला हात द्यावा लागतो.
यादी मराठीत, नाव पूर्ण.
सरकारी वकिलांनी मुदत मागितली तेव्हा
त्यांनी एवढंच विचारलं, कागद आहे कुठे?
कागद तिसऱ्या मजल्यावर होता.
पंधरा मिनिटांत आला.
बारा वर्षं तो आमच्या पायाखालीच होता!

निकाल लागला, पण इंग्रजीतच, सतरा पानी.
मोकलबाईंनी ती पानं माझ्यापुढे धरली.
मी शेवटची ओळ दोनदा वाचून म्हणालो, मिळालं.
त्या म्हणाल्या, म्हणजे आता कुठल्या खिडकीवर जायचं?
याचं उत्तर सतरा पानांत नव्हतं.
विभाग अपिलात जाणार, असं कँटीनमध्ये ऐकतो.
मॅडमची मुदत मार्चमध्ये संपते.
खुर्ची मी पुसीनच.

तर अभिप्राय.
मी शिकलेला नाही, कलमं मला कळत नाहीत.
हाक मारण्याआधी शिपायाला बाकापर्यंत पाठवा,
वाकून विचारून येऊ दे:
तुम्हाला घरी काय म्हणतात?

कळावे.
ता. क. लिफ्टचं बघा.