मोबाइल माझ्या हातात होता

वाघाच्या छापाचं ब्लँकेट,
सिंदेवाहीच्या बाजारातलं, अडीचशेचं.
आत निकेश.
रील उभी असते,
म्हणून अर्धं जंगल कापलं गेलं.

बिजाबाई तेंदूपानांचा भारा घेऊन वळली,
मागे नात.
निकेश गुरगुरला.

ती पळाली नाही.
भारा टाकला, पोरीला पाठीशी घेतलं, म्हणाली,
"बुढ्याले नेलं तुनं मागल्या साली,
आता मले ने. पोरीले सोड."

ब्लँकेट बराच वेळ हललं नाही.

तेवढं कापलं आम्ही.
भारा पडतो तिथं हसण्याचा आवाज टाकला.
दोन लाख लोकांनी पाहिलं.
निकेशने नवे बूट घेतले.

न कापलेलं माझ्याकडे आहे.
फोन सांगतो, जागा भरली.
मी दुसरं काहीतरी पुसतो.
परवा बहिणीच्या हळदीचे फोटो पुसले.