विलंब माफीचा अर्ज

पडघ्याच्या अलीकडे महामार्ग हवेतच संपतो.
खांब क्रमांक चौसष्टपर्यंत डांबर,
पुढे उघड्या सळया, सळयांत कावळ्यांची घरटी,
आणि शंभर-सव्वाशे हातांवर खांब सहासष्ट,
पोहोचलेल्या पाहुण्यासारखा, कुणी आत न बोलावलेला.
पासष्टावा माझ्या फायलीत आहे.

मी मोजणीदार. भूमी अभिलेख, भिवंडी.
गट नंबर एकशे बारा पैकी तीन, अकरा गुंठे, खातेदार तरे.
तीन वेळा मोजला मी हा तुकडा:
साखळीने नव्हे, आता यंत्र आहे,
आकाशातल्या उपग्रहांना विचारून सांगतं
की माझा पाय नक्की कुणाच्या बांधावर आहे.
दोनदा कंपनीच्या माणसाने चहा पाजला,
तिसऱ्यांदा त्याच्या जागी दुसराच माणूस होता.

पेपरात आलं, ग्रामस्थांचा विरोध.
विरोध कसला? चाळीस वारसांनी सह्या केल्या,
एकाने तर जांभळाच्या झाडाचेही पैसे धरून
पुतण्याच्या गाडीची नोंदणी करून टाकली.
(ते जांभूळ एक की दोन, यावर कृषी खात्याने
सात महिने घेतले. बुंधा एक, फांद्या दोन.)

अडलं ते जुन्या फेरफारावर.
सन एकाहत्तर. गोमा तरे मयत.
वारस: मुलगे चार, मुलगी चांगुणा.
आणि चांगुणाच्या दोन्ही बाजूंना
लाल शाईचा कंस.
आमच्याकडे नाव खोडत नाहीत, कंस करतात.
नाव वाचता येतं, धरायचं नसतं.
शेरा : लग्न होऊन गेली.
खाली तिची सही नाही. अंगठा नाही. काहीच नाही.

नोटीस तीनदा परत आली.
सदर इसम पत्त्यावर आढळत नाही.
मग मीच गेलो, सुट्टी टाकून, का ते विचारू नका.
उलव्याच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर,
सुकट निवडत बसलेली म्हातारी.
सासरची मिठागरं शहराने घेतली,
घर विमानतळाने.
तिच्याकडे कागदांची प्लास्टिकची पिशवी होती,
माझ्यापेक्षा नीट लावलेली.

मी समजावलं : मावशी, पैसे मिळतील,
हक्कसोड केलीत तर भाऊबंदही खूश.
तिने सुकटीतला एक खेकडा बाजूला काढला.
म्हणाली, पैसं मागून बगू.
आदी माजं नाव कुंपनातून बाहेर काड.

कंस काढायला अपील लागतं.
अपिलाला मुदत असते साठ दिवस.
मुदत उलटली असेल
तर आधी विलंब माफीचा अर्ज द्यावा,
झालेल्या प्रत्येक दिवसाचं कारण द्यावं.

तर भिवंडीच्या प्रांत कचेरीत, मंगळवारी,
एकीकडे कंपनीचे वकील :
रोजचं नुकसान इतके लाख, साहेब,
प्रकल्प चार वर्षं रखडला.
दुसरीकडे चांगुणा, लुगडं आवरून,
त्रेपन्न वर्षं तीन महिने उशिरा आलेली.
कारकुनाने मान वर न करता विचारलं,
आजी, उशिराचं कारण?

मना कोनी इचारलंच नाय.

पंखा फिरत होता. वकिलाने घड्याळ पाहिलं.
कारकुनाने लिहिलं :
अर्जदार अशिक्षित असून कायद्याचं ज्ञान नसल्याने.
मी ते वाचलं, आणि गप्प राहिलो.
तिने अंगठा नाही दिला. सही केली,
सावकाश, काना थोडा लांब ओढून.

साहेब निवडणुकीच्या कामाला गेलेले.
पुढची तारीख पडली.

परतताना बस उड्डाणपुलाखालून गेली.
वर, संपलेल्या रस्त्यावर, पोरं क्रिकेट खेळत होती.
चेंडू टोकावरून खाली पडला की
खालचा एक शेळीवाला तो वर फेकत होता.
चांगुणा म्हणाली, किती उंच बांदलाय र,
आन मधीच सोरून दिलाय.
मी म्हणालो, हो.
मग बराच वेळ, म्हणजे वाशिंद फाट्यापर्यंत,
ती खिडकीच्या काचेवर बोटाने
काहीतरी लिहीत होती.
कंस नव्हता एवढं मला दिसलं.