वजन मर्यादेबाहेर

फैजपूरला दुपारचे तीन, कूलर कोरडाच फिरतोय.
डिंपल फेगडेच्या मांत्रिकाची पिशवी
मी माउसनं उपसतोय.
वर लाल पट्टी: ओझं फार, चाल निम्मी.

दोरखंड, पन्नास हात. राहू दे.
मशाली नऊ, त्यातल्या तीन
मागच्या वर्षीच्या गुहेत विझलेल्या,
खोडल्याच नाहीत तिनं.
अडकित्ता. हा कुणाचा?

तळाशी, स्वतः टाइप केलेली
कळण्याची भाकरी, एक.
वजनाचा रकाना रिकामा,
रिकाम्याला हे यंत्र मुकाट
पाच शेर धरतं.

गुणवंत म्हणतो, उडव ती, नियमात नाही.
रविवारी ती पुण्याहून जोडली जाईल,
हॉस्टेलच्या वायफायवर, तुटक आवाजात.

तलवार खेचरावर लादली.
भाकरीपुढे लिहिलं:
वजन शून्य. कडेला जरा करपलेली.