रात्री त्र्याण्णव

तुळजापूरच्या नगरपालिकेत ठराव आला:
मोबाइलवरून जाणाऱ्या खोलीला
रात्रीमागं तीस रुपये कर,
आणि तो पैसा गटारीत नाही, कमानीत नाही,
नळदुर्ग रोडच्या पडीक जागेवर
भाडेकरूंच्या घरांना.
एकजण उठला, देवीच्या पाहुण्यांवर कर कामून?
मागून कुणीतरी म्हणालं,
पाहुणे देवीचे, पण पैसे तुझ्या खात्यात जायलेत की.
हशा झाला, चहा आला, ठराव मंजूर.

मी कर विभागात, कंत्राटी.
मला यादी करायला बसवलं.
दिवसभर अंगठ्यानं गल्ल्या वर सरकवायच्या:
चाँदबी बांगड्या विकायची तो ओटा
आता ‘स्वागतकक्ष’,
नर्सबाईंची माडी, ‘एसी, गरम पाणी, मंदिर पाच मिनिटं’.
चाँदबी गेली काक्रंब्याला लेकीकडं.
नर्सबाई कुठं गेल्या, माहीत नाही.

एकशे एकेचाळीसावी खोली उघडली
आणि अंगठा थांबला.
भिंत नवी, गुलाबी. पडदे नवे.
पलंगावर टॉवेलचा हंस.
पण दाराच्या चौकटीला रंग द्यायचं
शिवलिंगअप्पा विसरले होते.
फोटो मोठा केला.
पेन्सिलीच्या सात रेघा,
सगळ्यात वरची पाचवीतली,
माझ्या लेकीची. टाचा उचलल्या होत्या तिनं,
मी तशीच रेघ मारली होती.

खाली कुणीतरी लिहिलंय:
‘अगदी घरासारखं वाटलं.’
साडेचार तारे.
आम्ही अकरा वर्षं राहिलो.
अर्धा तारा कशाला कापला असेल?
मोरीला उतार नाही, म्हणून असेल.
मी अप्पांना दरसाल सांगायची.

आता सिंदफळहून टमटमनं येते,
शेवटची टमटम साडेसातला.
लेक भिंतीला टेकत नाही तिथं.
म्हणते, इथनं पण जायचंच आहे ना?

रकाने भरले.
मालक: शिवलिंगअप्पा.
रात्री: त्र्याण्णव.
कर: दोन हजार सातशे नव्वद.
शेरा या रकान्यात
बराच वेळ पेन ठेवला, शाईचा ठिपका झाला.
एवढ्यात घर होत नाही.
चौकट होईल एखादी. बाभळीची.

साहेब आतून ओरडले,
किती झाल्या?
म्हटलं, एकशे एकेचाळीस.
पुढची घ्या, म्हणाले,
नवरात्राच्या आत संपवायचंय.