पन्नास टक्के आगाऊ

शेवटच्या वर्षाचा शेवटचा तास
मी रंगांचा घेत नाही.
फळ्यावर लिहिते : कोटेशन.
मुलं हसतात. मग माझा चेहरा बघून थांबतात.

चार वर्षं यांना पहाटे गोदाघाटावर बसवलं,
देवळाचं पाण्यातलं प्रतिबिंब
दगडापेक्षा एक छटा गडद असतं, हे सांगत.
ते यांना येतं.
भांडीबाजारात तांब्याच्या हंड्यावर
आभाळ नेमकं कुठे सांडतं, तेही येतं.
येत नाही ते एवढंच :
समोरचा "किती घेशील?" म्हणाला
की मान वर ठेवून आकडा सांगणं.

"द्या काहीतरी" म्हणू नका, मी सांगते.
काहीतरी नावाची नोट अजून छापलेली नाही.

उत्कर्षा गांगुर्डे विचारते,
मॅडम, कागदाचे धरायचे, रंगांचे धरायचे,
पण रात्रीचे कसे धरायचे?
पंखा फिरतो. मी खडूचे हात झटकत राहते.
तास लिही, म्हणते. पुसलेलेही लिही.
पुसण्यातच जास्त जातात.

जुबेर मणियारचे अब्बा
आडगाव नाक्याला ट्रकांवर कमळं काढायचे.
अब्बा म्हणतात, तो उठून सांगतो,
उधारीचं कमळ ट्रकसोबत निघून जातं,
धुळ्यापर्यंत त्याच्यामागे कोण धावणार?
हे मी फळ्यावर उतरवून घेते.
याहून नेमकं माझ्या टिपणांत काही नाही.

मग पॅन कार्ड, चालू खातं, पावतीपुस्तक.
दोन बदल फुकट, तिसऱ्याला पैसे.
मग जोड्या लावून सराव :
एकाने व्हायचं मावशीचा नवरा,
"घरचंच काम आहे गं" म्हणायचं,
दुसऱ्याने हसत हसत नाही म्हणायचं.
हसणं सगळ्यांना जमतं.

दरवर्षी कुणीतरी विचारतंच,
तुमचं पहिलं काम कुठलं?
सांगते. पिंपळगावचे एक बागायतदार,
द्राक्षांच्या पेटीवर चिकटवायचं लेबल.
अकरा रात्री बसले.
मण्यावर जी पांढुरकी धूळ असते ना,
बोट लावलं की जाणारी,
तिच्यासाठी पांढऱ्यात चिमूटभर जांभळा.
त्यांनी हात जोडले. ताई, कला अनमोल असते, म्हणाले,
आणि दोन पेट्या द्राक्षं दिली.
घरी सगळ्यांनी खाल्ली. गोड होती,
तोच तर त्रास.
पुढे तीन हंगाम माझं लेबल बोटीने परदेशी गेलं
आणि मी नोकरीचा अर्ज भरला.

हे शेवटचं वाक्य वर्गात सांगत नाही.

दिवाळीच्या तोंडावर दिंडोरी रोडला गेले,
चपलांच्या दुकानावर एक खोली,
दाराशी गेरूच्या रंगात, थोडं तिरकं : उत्कर्षा, अक्षरं आणि चित्रं.
भाचीच्या पोळीभाजी केंद्राला पाटी हवी होती.
पाया पडली. चहा मागवला.
कॉलेजचं, शिपाईमामांचं, कुणाचं लग्न ठरलं त्याचं बोललो.
मग तिने वही ओढली.
शब्द सहा. पत्रा, प्रायमर, रंग.
तास चौदा. पुसलेले तीन.
खाली रेघ, रेघेखाली आकडा,
आकड्याखाली : पन्नास टक्के आगाऊ.

वही माझ्याकडे वळवली.
मान वर होती. कान लाल.

आणि काय सांगू,
"अगं, घरचंच—" एवढं
माझ्याच तोंडून निसटलं.

ती थांबली,
सरावाच्या तासाला थांबायची तशी,
आणि म्हणाली,
"मॅडम, चहा घरचा. पाटी दुकानाची."

मी नोटा मोजल्या. तिने पुन्हा मोजल्या.
पावती फाडली, क्रमांक सदतीस.
घडी घालायला गेले तर म्हणाली,
थांबा,
शाई ओली आहे अजून.