लॉगबुक

निवृत्त होऊन अकरा महिने झाले
तरी साडेतीनला डोळे उघडतात.
भंडारवाड्याच्या टेकडीखालचा व्हॉल्व्ह,
सत्तावीस फेरे, मग डोंगरीला पाणी.
आता चावी दुसऱ्याकडे.
फेरे माझ्याकडे राहिले.

पोरीच्या खोलीचं भाडं, छातीतली कळ,
आणि ती बाई. एकदा मी गल्ली उघडायला विसरलो,
ती रिकामा हंडा घेऊन उभी होती,
काहीच बोलली नाही.

नायरच्या ओपीडीत डॉक्टर मिस्किटा म्हणाल्या,
विचार अडवू नका, वायंगणकर.
आला की वहीत लिहा: आला.
म्हटलं, बाई, पाणी आलं असं लिहून
पाण्याला काय फरक पडतो?
म्हणाल्या, तेहतीस वर्षं मग काय लिहीत होता?

लिहिलं.
३.४० विचार आला.
३.४१ परत.
३.४२ आपण फार विचार करतो, असा आला.
३.४३ हे लिहिणारा कोण, असा.
पहारेकऱ्यावर पहारेकरी, त्याच्यावर अजून एक,
आणि झोपलेला कुणीच नाही.
वही कपाटावर फेकली.

मग एका पहाटे अश्फाकचा फोन:
चाचा, रस्ता ओला नाही, पण प्रेशर पडलंय.
लुंगीवरच गेलो.
लोखंडी कांब डांबरावर टेकवली, कान लावला.
चार पावलं सरकलो, पुन्हा लावला.
माझगावच्या त्या बंद दुकानांसमोर
खाली कुठेतरी बारीक सुसाट आवाज.
इथे खण, म्हटलं.
अश्फाक खणत होता
तेव्हा सहज चपलांकडे लक्ष गेलं.
कोरड्या.

इतकी वर्षं अख्खं शहर पायाखालून वाहिलं
आणि मी नुसता ऐकत उभा होतो,
ना ते पाणी माझं, ना मी त्याचा.
हे कधी सुचलंच नव्हतं.
सुचायला वेळ कुठे होता, ड्यूटी होती.

वही काढली, धूळ झटकली.
तसा बरा वगैरे नाही झालो.
हंडेवाली अजून येते.
पूर्वी तोंड फिरवायचो,
आता वेळ टाकतो, आणि तिचं नाव
कधी विचारलं नाही, तेही लिहितो.

४.१० कळ. नाही, गॅस.
४.२५ हंडेवाली.
४.४० शालन कूस बदलून म्हणाली,
काय हो लिहिताय अंधारात?
म्हटलं, पाणी आलं.
मोरीतला नळ खोकला,
आधी हवा,
मग जरा गढूळ.