शेऱ्याचा रकाना

एकतीस वर्षं पेडण्याच्या मामलेदार कचेरीत
मी एक-चौदाचे उतारे लिहिले.
कब्जेदार, कूळ, पीक, इतर हक्क.
खाडाखोड कुठे, कुठली शाई नंतरची,
कागद उजेडाकडे धरला की मला कळतं.
म्हणून मावशी म्हणाली, त्याची ट्रंक तूच उघड.

आंतोन रीडलेख्नर.
केरीला आला चौऱ्याहत्तरात, गेला एक्याण्णवात.
सतरा वर्षं तिच्या मागच्या खोलीचा भाडेकरू,
भाडं एक तारखेला, चिल्लरसुद्धा मोजून.
ट्रंकेत लोकरी मोजे, दाढीचा ब्रश
आणि पंजाएवढी एक करडी पुस्तिका:
शिक्के, सह्या, दातांची नोंद, बुटांचं माप.
भाषा येत नव्हती, पण रकाने ओळखीचे होते.

जर्मनीला पत्र टाकलं.
पाच महिन्यांनी जाड लिफाफा आला.
म्हापशाचे फादर लिगोरियो तिकडे शिकलेले,
तीन शनिवार ते वाचत गेले, मी उतरवत गेलो.
एकोणचाळीस, पर्वतीय पायदळ, पोलंड.
बेचाळीस, कॉकेशस. हिमदंश, डाव्या पायाची दोन बोटं.
(मावशीला त्याने सांगितलं होतं, माशाने खाल्ली.)
त्रेचाळीस, ग्रीस. बढती.
आणि ऑगस्टच्या चार दिवसांपुढे एकच शब्द.
फादरनी चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही.
'शब्दशः सांगू? साफसफाई.'

सोबतच्या अहवालात गावाचं नाव नव्हतं,
नकाशावरचा आकडा होता.
घरे त्रेसष्ट. खेचरे, शेळ्या वेगवेगळ्या लिहिलेल्या.
माणसांच्या रकान्यात आडवी रेघ.
अशी रेघ मीही मारली आहे,
वारस सापडत नाही तिथे,
आणि वरून पट्टी धरून, सरळ यावी म्हणून.

डोंगरातला माणूस, पण केरीच्या सड्यावर
सतरा वर्षांत एकदाही चढला नाही.
रेतीवरून चालायचा, तेरेखोलच्या मुखापर्यंत,
तिथून परत, त्याच पावलांवर पावलं टाकत.
उन्हाळ्यात पोरं सड्यावरचं गवत पेटवायची
तेव्हा खिडक्या लावून न्हाणीत बसायचा.
आम्हाला वाटायचं, दमा असेल.

त्याच्या टोपीवरचं धातूचं पांढरं फूल
मेल्यावर उशाखाली मिळालं.
मावशीने ते देवांच्या तबकात ठेवलंय.
फूल ते फूल, म्हणाली.
सात वर्षं रोज त्याला आंघोळ, रोज गंध.

सांगणार नव्हतो.
पण लिफाफा बघून तिनेच विचारलं,
'मेळ्ळें मरे कितें?'
म्हटलं, एका गावातली घरं जाळली होती त्यांनी.
'कितलीं?'
त्रेसष्ट.
ती सोप्यावर बसली, पदराखाली बोटं मोडत
आपला वाडा मोजू लागली:
गडेकरांचं, पेद्रूचं, तळवणेकरांची दोन,
शाळेमागचं ते बंद घर, ते धरायचं का रे?
धर, म्हटलं.
एक्केचाळिसावर थांबली.
'फुडें न्हंय लागता.'
बराच वेळ पुढे काही बोलली नाही.
मग परत पहिल्यापासून मोजायला लागली,
या वेळी आमच्या घरापासून.